येसूच्या ओट्यावरील बोली

माझा धाकटा भाऊ येसू गेला त्या संध्याकाळी आमच्या कर्जतच्या घराच्या अंगणात जो पहिला शब्द पडला, तो 'सुटला' हा होता. शेजारचे तांदळाचे व्यापारी बाळोबा उपरण्याने घाम टिपीत आत आले, चादरीकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "सुटला बगा, तात्या, बिचारा. कान नाय, वाचा नाय, कसला त्यो जलम! आन् तुमी बी सुटलात." त्यांच्यामागून जो जो आला त्याने हाच शब्द आणला. कोणी तो हळू उच्चारला, कोणी उसासा टाकून, कोणी विड्याच्या रसासकट. रात्रीपर्यंत तो शब्द माझ्या अंगावर इतक्या वेळा पडला की एखाद्याने थुंकावे आणि ते पुसायलाही मुभा नसावी, तसे मला झाले. मी मृदुभाषी म्हणून ओळखला जातो. मामलेदार कचेरीत इतकी वर्षे काढली, पण माझा आवाज कोणी चढलेला ऐकलेला नाही. त्या दिवशीही मी केवळ हात जोडत राहिलो. काही आठवडे लोटल्यावर ही किळस ओसरेल आणि मग चार शांत ओळी लिहिता येतील, असे वाटले होते. ती ओसरली नाही. तिने फक्त कूस बदलली, आणि आता तिचे तोंड बरेचसे माझ्याकडे आहे.

पनवेलचे अण्णाकाका येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबायचे ठरले होते. त्यांना तार केली. मात्र तारेने बोलावलेले काका पोहोचण्याआधीच, सकाळी दार उघडले तेव्हा फाटकाशी दहा-बारा माणसे उभी होती आणि त्यांतल्या कोणालाही मी कळवलेले नव्हते. कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतली म्हातारी धोंडी होती, खालापूरकडचा एक कुंभार होता, स्थानकावरचा एक हमाल होता. सगळी बहिरी. बातमी त्यांच्यापर्यंत हातांनी पोहोचली होती: हमालाने संध्याकाळी कशेळ्याला परतणाऱ्या एका गाडीवानाला दुरून खूण केली, गाडीवानाने ती वाडीच्या वाटेवर पुढे दिली. येसू शिंपी होता, म्हणून त्या सर्वांत त्याचे नाव होते मधल्या बोटाच्या टोकावर अंगठा दोनदा टेकवणे. शिंप्याचे अंगुस्तान त्या बोटात असते. त्यानंतर उघडी मूठ हलकेच मिटायची. एवढीच ती बातमी. 'सुटला' हा शब्द त्यांच्यापैकी कोणीही उच्चारला नाही. त्यांच्या बोलीत त्या अर्थाची खूण नाही, असे पुढे माझ्या पत्नीने मला सांगितले.

येसू माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. मधली भावंडे वाचली नाहीत. तो दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळेना, तेव्हा आईने नवस केले, वैद्य केले, आणि काही उपाय चालत नाही असे पाहून एके दिवशी सरळ हाताने बोलू लागली. तिला कोणी शिकवले नव्हते. अंगठा ओठांशी नेला की पाणी, पालथी मूठ डोक्याखाली घेतली की झोप, नाकाचा शेंडा दाबला की मी, कारण माझे नाक वडिलांसारखे बसके आहे. स्वतःसाठी तिने कपाळावर मधले बोट टेकवले, कुंकू लावतात तसे. आई म्हणजे कुंकू. दोन माणसांची ती भाषा चुलीपाशी जन्मली, आणि तिचे सारे शब्द त्या घरातल्या वस्तूंना आणि माणसांना चिकटलेले होते. भाषेचा उगम कोठे झाला हे पंडितांना सापडत नाही म्हणतात... मी एका भाषेचा उगम प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि त्या वेळी ती आईची माया आहे यापलीकडे मला काही वाटले नव्हते.

वडील वारले तेव्हा येसू सहा वर्षांचा होता. तेराव्याच्या पंगतीत आई आतल्या दाराशी दिसली तसा त्याने मला विचारण्यासाठी कपाळावर बोट टेकवले: आई जेवली का? समोर बसलेल्या अण्णाकाकांचा घास हातातच राहिला. "शिव शिव! विधवेकडे बघून कुंकवाची खूण करतो हा? आवर त्याला!" मी त्याचे मनगट धरले आणि पानाशेजारी खाली दाबले. त्याने पुन्हा उचलले. मी पुन्हा दाबले, अधिक जोराने. पंगत पुढे चालू झाली. नवी खूण काढा, असे त्यानंतर आईला अनेकांनी सुचवले. तिने काढली नाही. घराच्या आत ती आणि तो तीच खूण करीत राहिली. बाहेर मात्र मी शेजारी असे आणि माझा हात तयार असे.

युरोपातील महायुद्धाच्या चार-पाच वर्षे आधी मुंबईतील बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत मी त्याला घातले. तिचे नाव लिहीत नाही. तशा शाळा तेव्हा सर्वत्र सारख्याच होत्या. तिथले गुरुजी दुष्ट नव्हते, हे मला मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण दुष्ट माणसांचा राग येतो आणि सोपेपणाने जातो. ते सुशिक्षित, स्वच्छ, आर्जवी होते. मुलाचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवून ते त्याला आवाजाचा कंप दाखवीत, आरशासमोर ओठ हलवायला लावीत. हात वापरले तर जीभ आळशी होते, म्हणून वर्गात मुलांनी स्वतःच्या तळहातांवर बसायचे, असा त्यांचा नियम होता. "खाणाखुणा ही पशूंची पायरी, तात्यासाहेब. आम्ही त्यांना माणसांत आणतो," असे मुख्य गुरुजी मला म्हणाले. मला ते पटले. शुद्ध मराठीचा मला अभिमान होता, आणि माझ्या भावाच्या तोंडून एक तरी शुद्ध वाक्य ऐकावे ही इच्छा मी प्रेमच समजत होतो.

पहिल्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा ताटावर बसताच त्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवले आणि तसाच बसून राहिला. आईने वाढले, तो हात काढीना. तिने खूण केली तसे त्याने आधी माझ्याकडे पाहिले. आईने ताट बाजूला सारले, त्याच्या मांडीखालचे हात ओढून काढले आणि त्यांना तोंडाशी नेऊन ती रडू लागली. बोटांच्या पेरांवर पाटाच्या फटींचे वळ होते... मला आजही कोणी मांडीखाली हात घेऊन बसलेले पाहवत नाही. कचेरीत थंडीच्या दिवसांत शिपाई तसे बसतात आणि मी मान फिरवतो.

पण शाळेला एक गोष्ट कधी कळली नाही. तिथे गुजरातची मुले होती, रत्नागिरीची, साताऱ्याकडची, कानडी मुलखातलीही. प्रत्येक जण आपापल्या घरची चार-दोन खुणांची शिदोरी घेऊन आला होता. सकाळी हौदावर अंघोळीला गुरुजी येत नसत. तिथे ओले, उघडे, कुडकुडणारे ते हात मोकळे सुटत. एकाची खूण दुसऱ्याने उचलावी, तिसऱ्याने ती आखूड करावी, जी भरभर करता येई ती टिकावी. वर्षादोनवर्षांत त्या हौदावर एक अशी बोली तयार झाली होती की जी कोणाच्याच घरची नव्हती आणि सगळ्यांची होती. जिथे तिला बंदी होती त्याच शाळेने तिला जन्म दिला. येसू पुढच्या सुटीत आला तो ती घेऊनच. पाण्यासाठी आता तो अंगठा ओठांशी नेत नव्हता. मूठ फिरवून नळ सोडत होता. आणि आईसाठी त्याने छातीवर तळहात ठेवला. आईला ते समजले. नंतर मला म्हणाली, "माझ्या कपाळाला अजून कुंकू लावणारा तो एकटाच होता रे. तुझ्या शाळेने तेही पुसलं."

त्याच शाळेत एका बक्षीससमारंभाला मी गेलो होतो. हार, अत्तर, गुलाबपाणी, सोनेरी साखळ्यांचे आश्रयदाते. येसूला मंचावर उभे केले. त्याने गळ्याच्या शिरा ताणून, घशाच्या कोठल्या तरी खोल कप्प्यातून, तीन शब्द बाहेर ओढले: "मी... मुका... नाही." तीन वर्षांचे शिक्षण होते ते. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. दोन बाया पदरात तोंड घालून हसल्या. "दगडाला पाझर फुटला!" असे अध्यक्ष म्हणाले आणि त्याच्या हातात पेढा ठेवला, जसा पोपटाच्या चोचीत ठेवतात. मीही टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आणून वाजवल्या. त्या दृश्याइतके ओंगळ मी दुसरे काही पाहिलेले नाही, असे आता म्हणतो. पण तेव्हा मी त्यातलाच एक होतो, आणि माझ्या अंगालाही अत्तर लागलेले होते.

शाळेने त्याला बोलणे शिकवले नाही, शिवणकाम मात्र उत्तम शिकवले. सोळाव्या वर्षी तो परत आला आणि आमच्या घराच्या रस्त्याकडील खोलीत त्याने शिवणयंत्र मांडले. कारकुनाच्या घरात शिंपी बसला म्हणून मला लोकांच्या तोंडाकडे पाहवेना. कशेळ्याच्या बाजारासाठी बंड्या शिवून तो दर बाजाराला तिकडे नेऊ लागला, आणि तिथे त्याला धोंडी भेटली.

धोंडीच्या वाडीत पिढ्यानपिढ्या कोणी ना कोणी बहिरे जन्मत आलेले. त्यामुळे तिथे ऐकणारी माणसेसुद्धा लहानपणापासून हातांनी बोलत. त्यात कोणाला विशेष वाटत नसे आणि कोणी मान फिरवीत नसे. पाण्यासाठी त्यांची खूण होती ओंजळीने झरा उचलणे. येसूने तिच्यासमोर नळ सोडला तेव्हा तिला वाटले हा कोणाची तरी मान पिरगाळतो आहे, आणि तिने पळसाच्या पत्रावळींचा भारा उचलून त्याच्या डोक्यात घातला. ती दोघे एकमेकांच्या भाषेला अशी भेटली. पण दोन ऐकणारे परके जिथे महिनाभर अडखळले असते तिथे या दोघांना दोन बाजार पुरले. काही त्याने सोडले, काही तिने घेतले. हळूहळू कर्जतच्या बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसे जमू लागली. डोंगरातले ठाकर, भातशेतीवाल्यांची मुले, खालापूरकडचे कुंभार. येसूचे यंत्र बाजूला घरघरत असे आणि ओट्यावर एक अक्षर न उच्चारता गदारोळ चाले. पेठेने त्याला नाव ठेवले: माकडांचा बाजार. येणारेजाणारे थांबून वाकुल्या दाखवीत. खजूर फेकीत. मी कचेरीतून परतताना मागच्या दाराने घरात शिरत असे.

माझ्या पत्नीला मात्र त्या ओट्याची गोडी लागली. पाणी द्यायला म्हणून जाई ती तासभर येत नसे. एकदा मी रागावून विचारले तेव्हा ती म्हणाली, "अहो, सासूबाई गेल्यापासून भावोजींशी घरात बोलायला आहे कोण? आणि त्या धोंडीचं बोलणं तुम्ही बघाच एकदा. तुमच्या कचेरीतल्या माणसांपेक्षा हजरजबाबी आहे. काल बाळोबांची चाल अशी करून दाखवली की मी ठसका लागून पाणी सांडलं."

मी खिडकीच्या फटीतून पाहिले. त्या दिवशी येसू त्यांना बक्षीससमारंभ दाखवत होता. पोटावरची साखळी, झुकलेली मान, पेढा धरलेली दोन बोटे. मग माशासारखे उघडमिट करणारे तोंड, म्हणजे तो स्वतः. ओट्यावरची सगळी माणसे मुरकुंडी वळून हसत होती. धोंडीने तर कुंभाराला धपाटेच घातले. शेवटी त्याने आणखी एक माणूस दाखवला: नाकाचा शेंडा दाबला, डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. मी खिडकी लावून घेतली.

एके दिवशी हैबती नावाचा गुरांचा दलाल माझ्याकडे तणतणत आला. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने होत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगतात. भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. हैबती म्हणाला, "तात्या, तुमच्या भावाला आवरा. बापजाद्यापास्नं उपरण्याखाली चाललेलं बोलणं त्यानं उन्हात आणलं. काल मी बैल केवढ्याला सोडला ते त्या ठाकरणीला ठाव! भर बाजारात माझ्या तोंडाकडं बगून दात काढले तिनं."

"त्याला त्यातलं काय कळणार, हैबतराव," मी म्हणालो.

"काय कळणार? मुकं हाय म्हणून आमी बेलाशक त्याच्या म्होरं बोटं दाबली, आन् ह्यो बेटा बगत व्हता आमची कोपरं! आता ओट्यावरची समदी आमच्या आकड्यांत बोलत्यात."

ते खरे होते. घरच्या खुणांत आकडे पाचापलीकडे जात नव्हते, वाडीच्या बोलीत वीस म्हणजे 'पुष्कळ' होते. दलालांची बोटे येसूने उपरण्याखालून काढली आणि ओट्यावर सगळ्यांना वाटली. हैबतीला मी दिलगिरीचे चार शब्द सांगितले आणि संध्याकाळी येसूसमोर जाऊन त्याचे दोन्ही हात यंत्राच्या फळीवर दाबले. त्याने ते सोडवून घेतले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहिले आणि माझा जोर संपेपर्यंत थांबला.

ही माझी सवयच होती. लग्नात, देवळात, आगगाडीत, जिथे चार माणसे पाहतील तिथे त्याचा हात उठला की माझा पंजा त्याच्या मनगटावर जाई. मारले मी त्याला कधीच नाही. हळूच, हसतमुखाने, थोरल्या भावाच्या मायेने दाबत असे. पाहणाऱ्याला वाटावे मी त्याचा हात हातात घेतला आहे. ओट्यावरील बोलीत माणसांची नावे त्यांच्या नाकाडोळ्यांवरून नाही तर त्यांच्या करणीवरून पडतात, हे पत्नीने मला सांगितले. "मग मी कोण?" मी विचारले. नाकाचा शेंडा दाबतील अशी माझी अपेक्षा होती. तिने टाळले. मी पुन्हा विचारले तेव्हा तिने डावा हात हवेत उचलला, उजवा पंजा त्याच्या मनगटावर ठेवला आणि खाली दाबला. नाकाची खूण आईच्या चुलीपाशी राहिली होती. कशेळ्यापासून साजगावापर्यंत, ज्यांनी मला कधी पाहिलेही नव्हते ते बहिरे लोक मला या नावाने ओळखत होते. त्यानंतर माझी सवय सुटली असे लिहावेसे वाटते... ती कमी झाली, एवढेच खरे.

आमच्या दोन नद्यांचा मी पुष्कळदा विचार करतो. उल्हास आणि पाताळगंगा एकाच घाटाच्या कुशीत, हाकेच्या अंतरावर उगवतात. एक कर्जतवरून उत्तरेला जाते, दुसरी खालापूरवरून पश्चिमेला, आणि पुन्हा भेटत नाहीत. या हातांच्या भाषांचे मला उलटे दिसले. त्यांचे उगम दूरदूरचे. एक आमच्या चुलीपाशी, एक ठाकरांच्या वाडीत, एक मुंबईच्या हौदावर, एक दलालांच्या उपरण्याखाली. आणि त्या येऊन मिळाल्या तीन हात रुंदीच्या एका ओट्यावर. पंधरा वर्षांत नळ फिरवण्याची खूण अशा वाड्यांत जाऊन पोहोचली जिथे कोणी नळ पाहिलेला नाही. धोंडीने मात्र आपला झरा सोडला नाही. नळ सोडणाऱ्याकडे बघून ती अजून मान पिरगाळल्याचा आव आणते. याला बोलीभाषा म्हणायचे की नाही हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी उत्तर देणार नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी माझ्या भावाचे हात वीस वर्षे खाली धरले, त्या प्रश्नाचीच मला शिसारी आली आहे.

यंदा त्याला विषमज्वर झाला. ताप चढला तशी त्याची शुद्ध हरपली आणि हात चालू लागले. दिवसभर गोधडीवर, हवेत, भिंतीवर. डॉक्टर म्हणाले, "वात झालाय. हात खाटेला बांधा, नाहीतर पांघरूण फेकून देईल." त्यांनी स्वतःच एक पंचा माझ्या हातात दिला. मी तो घेतला. पत्नी मध्ये आली आणि म्हणाली, "अहो, वातात माणसं बडबडतात ना? मग भावोजी बडबडताहेत. तुम्हाला वात झाला असता तर तोंड बांधलं असतं का कोणी?" डॉक्टर हसले. मी पंचा खुंटीवर टाकला आणि उशाशी बसून राहिलो. तो नळ सोडत होता, बोटे दाबून आकडे सांगत होता, कोणाला तरी पत्रावळीवरून चिडवत होता. जसजसा दिवस गेला तशा खुणा मागे मागे गेल्या. नळ थांबला, अंगठा ओठांशी येऊ लागला. संध्याकाळी त्याने मधले बोट कपाळावर टेकवले. एकदा, दोनदा... मग हात छातीवर उतरला आणि तिथेच राहिला. छातीवरचा हात म्हणजे शाळेची आई. दोघींना त्याने हाक मारली की एकीलाच दोन भाषांत मारली, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाकाका आले आणि तयारी सुरू झाली. आमच्याकडे पायांचे अंगठे बांधतात तसे हातांचेही एकत्र बांधण्याची रीत आहे, हात तिरडीवरून घसरू नयेत म्हणून. काकांनी सुताची लड घेतली, येसूचे हात ओढून जवळ आणले आणि दोरा पहिल्या अंगठ्याला गुंडाळला. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माणसांत एकदम हालचाल झाली. कुंभार पुढे आला आणि थांबला. काका ओरडले, "ही सोंगं बाहेर काढा आधी!"

मी म्हणालो, "काका, हात नका बांधू."

"म्हणजे? घसरतील वाटेत."

"घसरू देत."

"तुला कळतंय का काय बोलतोस? रीत आहे ती. आणि कोणासाठी एवढं? जन्मभर हातवारे केले त्यानं, आता तरी निजू दे की शांत!"

बाळोबा हसले. कोणीतरी 'तात्यांना धक्का बसलाय' असे पुटपुटले. मी खाली बसलो आणि येसूच्या अंगठ्यावरचा दोरा सोडवू लागलो. गाठ बसलेली नव्हती, तरी त्या साध्या दोऱ्याला फार वेळ लागला. काकांनी लड फेकून दिली. संपूर्ण वाटभर येसूचे हात तिरडीच्या दोन्ही बाजूंना हलत होते आणि लोक त्यांच्याकडे पाहत नव्हते. धोंडीने पत्नीला काहीतरी विचारले होते, ते मला चार दिवसांनी कळले. तिने माझे नाव घेतले होते आणि विचारले होते: याला एवढा वेळ का लागला?

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुकान बंद होते. तरी दुपारी पत्नीने ओट्यावर सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या ठेवला. "येतील का?" मी विचारले. "कुठं जातील?" ती म्हणाली. ते आले. मी त्या दिवशी कचेरीतून पुढच्या दाराने आलो आणि सतरंजीच्या कडेला बसलो. पेठेतून जाणारे थांबून बघू लागले. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला कोपराने ढोसले. ती नजर कशी असते हे मला ठाऊक होते, कारण ती पूर्वी माझीच होती. आता ती माझ्या पाठीवर चिकट घामासारखी बसली आणि मी ती पुसली नाही.

धोंडीने त्या दिवशी पळसदरीकडची एक तरुण बहिरी सून बरोबर आणली होती. ती नवखी होती. तिच्याजवळ तिच्या माहेरच्या मोजक्या खुणा होत्या. धोंडी तिला एकेकाची ओळख करून देत होती: चाक फिरवणारा कुंभार, ओझे उचलणारा हमाल. येसूच्या रिकाम्या यंत्राकडे वळून तिने मधल्या बोटावर अंगठा दोनदा टेकवला. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि डावा हात उचलून उजव्याने खाली दाबला. सुनेने तो शब्द हातावर घेऊन पाहिला, नवीन शब्द घोळवतात तसा. तो आता पळसदरीला जाणार होता.

पत्नीचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "सांगू का तिला? बदलतात नावं कधीकधी."

"नको," मी म्हणालो.

सून माझ्याकडे बघत होती. नाव बरोबर आहे ना, असे तिला विचारायचे होते. त्या ओट्याच्या बोलीत मी तोवर एकही शब्द उच्चारलेला नव्हता. मी डावा हात उचलला, उजवा त्याच्या मनगटावर ठेवला आणि खाली नेला. धोंडीने मान हलवली. उच्चार चुकला होता. ती सरकत माझ्याजवळ आली, पत्रावळी टोचून खरखरीत झालेल्या बोटांनी तिने माझा पंजा धरला आणि माझ्याच मनगटावर जोराने दाबला, हाड सतरंजीला टेकेपर्यंत. मग सोडून दिला आणि पुन्हा करायला लावले.